गुप्तरोग आणि सभ्य मौन

देवी, गोवर, कावीळ, क्षय ही नावे चारचौघांत उच्चारता येतात. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांच्या वाट्याला मात्र एक सामुदायिक विशेषण आले: 'गुप्त'. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथाने अशा एका नव्या रोगाला 'फिरंग' म्हटले, म्हणजे तो परक्यांच्या खाती टाकला. लोकांनी 'गरमी' म्हटले, 'परमा' म्हटले. ही नावे ओबडधोबड असली तरी निदान नावे होती. आम्हां सुशिक्षितांना तीही सोसली नाहीत. या 'गुप्त' शब्दाआड बसून दवाखान्यांत जे मौन पाळले जाते, ते सभ्यपणाचे लक्षण नसून वैद्यकीय कर्तव्यातील कसूर आहे, असे आमचे म्हणणे आहे.

नेहमीच्या डॉक्टरच्या दवाखान्यातील दृश्य वाचकांनी डोळ्यांसमोर आणावे. मध्ये प्लायवुडचे पार्टिशन. पलीकडे बाकावर सातआठ माणसे. अलीकडे आवाज खाली आणून 'लघवीला जळजळ होते' असे सांगणारा पुरुष. डॉक्टर काय ते समजतो, गोळ्या लिहून देतो आणि 'बाहेरचं टाळा' एवढे पुटपुटतो. रुग्ण 'बाहेरचं' म्हणजे वडापाव समजून निघून जातो! चार दिवसांत जळजळ थांबते, उरलेल्या गोळ्या फडताळात पडून राहतात. बायकोला काही त्रास नाही, तेव्हा तिला काही झालेलेही नाही, असे तो धरून चालतो. वस्तुतः परमा आणि क्लॅमिडिया हे दोन्ही संसर्ग स्त्रीच्या शरीरात पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखवता राहतात, गर्भनलिकांपर्यंत चढतात आणि त्या बंद करू शकतात. पुढे काही वर्षांनी सासरी तिला 'वांझ' म्हणताना मात्र कोणी आवाज खाली आणत नाही.

यावर डॉक्टरमंडळींची उत्तरे आम्हांस पाठ आहेत. वेळ नसतो, रुग्ण लाजतो, आणि मराठीत सभ्य शब्दच नाहीत.

वेळेचे पाहू. सांगायचे ते इतकेच: हा रोग शरीरसंबंधातून होतो. बरे वाटले तरी गोळ्या पूर्ण घ्या. जोडीदारालाही तपासून औषध द्यावे लागेल, नाहीतर हा संसर्ग पुन्हा तुमच्याकडे येईल. दोघांचे उपचार संपेपर्यंत संबंध टाळा, पुढे निरोध वापरा. एचआयव्ही आणि उपदंशाची रक्ततपासणी करून घ्या. उपदंशाची जखम बहुधा दुखत नाही आणि आपोआप भरून येते. ती भरली म्हणजे रोग गेला, असे समजू नका. एवढे सांगायला दोन मिनिटे लागतात.

लाजेचे पाहू. रुग्ण लाजतो हे खरे, परंतु लाज मोडण्याचा पहिला मान ज्याच्या हाती स्टेथॉस्कोप आहे त्याचा. पार्टिशनपलीकडे ऐकू जाणार नाही अशी व्यवस्था करणे हे त्याचेच काम. कोणाचे गुपित फोडा, असे आम्ही म्हणत नाही. अंगावर पांढरे जाते म्हणून आलेल्या स्त्रीला 'नवऱ्याला घेऊन या' एवढेच सांगून पाठवणे तिच्या जिवावरही बेतू शकते. तसे प्रत्येक पांढरे जाणे संबंधातूनच उद्भवते असेही नाही, आणि हेही तिला सांगायलाच हवे. अर्धवट माहितीवर घरे मोडतात.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने लक्षणसमूहांनुसार सात रंगांचे औषधसंच ठरवले: करडा, हिरवा, पांढरा, निळा, लाल, पिवळा आणि काळा. त्यांच्या जोडीला समुपदेशन आणि जोडीदाराचे उपचार हेही उपचाराचेच भाग मानले. सरकारी केंद्रात त्यासाठी समुपदेशक असतो. गल्लीतल्या डॉक्टरपाशी तो नसतो, आणि संकोची रुग्ण बहुधा आधी तिथेच जातो.

राहिला शब्दांचा प्रश्न. तो आमच्या, म्हणजे मराठीच्या विद्यार्थ्या-शिक्षकांच्या, अंगणातला आहे. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले आणि त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना नितळ मराठीत उत्तरे दिली. त्या उत्तरांपायीच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला. त्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. खटला ते हरले. कर्वे डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते! त्यांना जे शब्द सापडले ते वैद्यकाची पदवी घेतलेल्यांना सापडू नयेत, हे आम्हांस पटत नाही.

आमचाही दोष आहेच. वर्गात आम्ही श्लील-अश्लील वादावर तासन् तास बोलतो, आणि दवाखान्याच्या भिंतीवरील पत्रकात 'असामान्य योनिस्राव' वाचून बाई गोंधळून उभी राहते, तेव्हा ते मराठी आमच्या चिंतेचा विषय होत नाही. ते पत्रक 'अंगावर पांढरे जाणे' या तिच्याच शब्दांत लिहून देणे हे आमचे काम आहे. गावातल्या एका डॉक्टरपाशी बसून असे एक पान लिहून द्यावे, इतकी मागणी आम्ही स्वतःपाशी आणि वाचकांपाशी करतो. ते पान रुग्णाच्या हाती देऊन, दार लावून, मोठ्याने वाचून दाखवणे हे डॉक्टरचे काम. त्यातून त्याची सुटका नाही.