बाबा ड्युटीवर, मूल शाळेत

मे 2025 मध्ये 'ऑपरेशन सिंदूर' झालं, तेव्हा आपल्याकडच्या शाळांना उन्हाळी सुट्टी लागलेली होती. एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. सुट्टीवर आलेल्या जवानांना 'ताबडतोब हजर व्हा' असे निरोप आले आणि माणसं बॅगा भरून निघाली. गावानं हार घातले, टीव्हीवाल्यांनी दाखवलं. त्या घरातल्या मुलांना निदान दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन बसावं लागलं नाही.

14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामाचा हल्ला झाला, तेव्हा मात्र शाळा चालू होत्या. आमच्या बचत गटातल्या एका ताईचा मुलगा सातवीत होता. वर्गातल्या पोरांनी त्याला विचारलं, "तुझे पप्पा पण तिकडंच आहेत ना?" पोरांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण हा आठवडाभर शाळेत गेला नाही. पोट दुखतंय म्हणायचा. आणि दुखतही असणार हो, लहान मुलांची भीती पोटातच उतरते. शाळेत मात्र त्याच्या नावापुढे नुसती गैरहजेरी लागली. जनरल रजिस्टरात वडिलांच्या व्यवसायापुढे 'नोकरी' एवढंच लिहिलेलं, बाईंना तरी काय कळणार?

आमच्या सातारा जिल्ह्यात अशी घरं थोडीथोडकी नाहीत. अपशिंगे गाव तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण कामी आले. कोल्हापूरकडे सैनिक टाकळी आहे. या गावांना सैनिकांचा अभिमान आहे, यात शंका नाही. पण अभिमान वेगळा आणि रोज शाळेत जाणाऱ्या पोराची काळजी वेगळी.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. केंद्रीय विद्यालयं 1963 साली सुरू झाली तीच मुळी पलटणींच्या 20 शाळा ताब्यात घेऊन. लष्कराच्या स्वतःच्या आर्मी पब्लिक स्कूल आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, वसतिगृहं आहेत. माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या मुलांना व्यावसायिक शिक्षणासाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळते, मुलींना महिना 3000 रुपये, मुलांना 2500. शहिदांच्या मुलांच्या शिक्षणखर्चावर 2017 मध्ये महिना 10,000 रुपयांची मर्यादा घातली होती. त्यावर ओरड झाली आणि मार्च 2018 मध्ये ती काढून टाकली.

पण नीट पाहा. यातलं बरंचसं वडिलांबरोबर बदलीच्या गावी राहणाऱ्या मुलांसाठी आहे, नाहीतर वडील निवृत्त झाल्यावर किंवा गेल्यावर. वडील हयात आहेत, ड्युटीवर आहेत आणि मूल आजी-आजोबांजवळ राहून जिल्हा परिषदेच्या शाळेत जातंय, त्याची दखल कोण घेतं? खेड्यापाड्यांत बहुतेक घरं अशीच आहेत. त्यात सीआरपीएफ, बीएसएफवाल्यांची मुलं धरा. गावात त्यांनाही 'मिलिटरीत आहे' असंच म्हणतात, पण सैनिक कल्याण कार्यालयाचं काम भूदल, नौदल, हवाई दलातल्यांसाठी.

या घरांचं कॅलेंडरच निराळं असतं. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक रजा आणि 30 दिवस किरकोळ रजा असते, पण ती दिवाळीत किंवा मे महिन्यातच मिळेल असं थोडंच आहे? युनिट सोडील तेव्हा यायचं. मग नेमकं सहामाहीच्या तोंडावर बाबा येतात आणि मूल चार दिवस शाळा बुडवतं. शाळा त्याला दांडी म्हणते, मी म्हणणार नाही.

दुसरं दुखणं बदलीचं. पीस स्टेशन मिळालं की दोन-तीन वर्षं बायको-मुलं बरोबर जातात. मूल हिंदी-इंग्रजीत शिकतं. फिल्ड पोस्टिंग आलं की परत गावी. सहावीतलं पोर मराठीच्या तासाला जोडाक्षरांशी झगडत बसतं आणि मुलं त्याच्या बोलण्याला हसतात. वर शाळा म्हणते, आधी दाखला आणा. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा, शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे ठामपणे सांगायचं. सासरे बोलतील म्हणून मागं उभं राहायचं नाही.

इंग्लंडमध्ये 2011 पासून एक पद्धत आहे. सैन्यातल्या पालकांच्या प्रत्येक मुलामागे सरकारी शाळेला वर्षाला ठरावीक रक्कम मिळते, आणि ती मुलाच्या मनाची काळजी घेण्यासाठी असते, पुस्तकं-गणवेशासाठी नाही. वडिलांनी (किंवा आईनं, तिकडे आयाही बऱ्याच आहेत) नोकरी सोडली तरी पुढची काही वर्षं ती चालू राहते. आपल्याकडे लगेच पैसे मिळतील असं मला वाटत नाही. पण ते करतात त्यातलं पहिलं काम आपल्याला फुकटात जमण्यासारखं आहे. शाळेकडे अशा मुलांची वेगळी नोंद हवी.

नोंद असली की वर्गशिक्षकांना कळतं. सीमेवर काही घडलं त्या दिवशी त्या मुलाला सगळ्यांदेखत काही विचारायचं नाही, मधल्या सुट्टीत जवळ बोलवून 'फोन आला का रे बाबांचा?' एवढं विचारायचं. बाबा सुट्टीवर आले तर पालकसभेची वाट न बघता त्यांना शाळेत बोलवायचं. फॉर्मवर 'वडिलांचीच सही हवी' म्हणून आईला परत पाठवायचं नाही. परगावाहून आलेल्या मुलासाठी महिनाभर मराठीचा जादा अर्धा तास काढायचा. आणि 26 जानेवारीला त्याला स्टेजवर उभं करण्याआधी त्याला विचारायचं, तुला चालेल का म्हणून. काही मुलांना आवडतं, काहींना अजिबात नाही.

ही नोंद करून घ्यायला मंत्रालयात जावं लागत नाही. त्याच कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका असाव्या लागतात. बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरी येतं आणि आपण चहा ठेवता ठेवता सही करून टाकतो. तुमच्या शाळेची पुढची बैठक कधी आहे, ते उद्या मुख्याध्यापकांना विचारून घ्या.