परमुलखातील जल्लोष

रायपूरकरांना क्रीडांगणावरचा जल्लोष नवा नाही. २०१५ साली येथील हॉकी मैदानावर भारताने नेदरलँड्सला ५-५ बरोबरीनंतर शूटआउटमध्ये ३-२ असे नमवून कांस्यपदक मिळविले. पण तेथे आपला पक्ष ठरलेलाच होता. १८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधील लुसैल येथे ८८,९६६ प्रेक्षकांसमोर अर्जेंटिना व फ्रान्स हे फुटबॉल संघ झुंजले, तेव्हा सहकुटुंब गेलेल्या भारतीयांचा पक्ष कोणता? तरीही मुलांना मेस्सीचा निळा-पांढरा सदरा हवाच असतो! अशा प्रवासात त्यांना हौसेने ओरडू द्यावे. मात्र गर्दीत शिरण्यापूर्वी, चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा ठरवून ठेवावी. आणि शेजारी पराभूत पक्षाचा कुणी खिन्न बसला असल्यास मोठ्यांनी आपली टाळी क्षणभर आवरावी. एम्बापेने तीन गोल करूनही त्याचा संघ त्या रात्री हरला होता.