खा-खा सुटते तेव्हा



चार वर्षांपूर्वीची बासी ईद. आमची धाकटी बहीण इंदापूरहून मुलांना घेऊन बारामतीला माहेरी आली होती. रात्री दोनच्या सुमारास आम्ही पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात अंधारात कोणीतरी बसलेले. दिवा लावला. धाकटी जमिनीवर बसून शीरखुर्म्याच्या पातेल्यातून डावानेच खात होती. शेजारी नानखटाईचा डबा रिकामा पडला होता, बिर्याणीच्या भांड्याचे झाकण उघडे होते. ती चवीने खात नव्हती. एक घास गिळायच्या आत दुसरा तोंडात जात होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते.

तिला जवळ घ्यायचे सोडून आम्ही काय म्हणालो? "इत्ती नदीदी कब से हो गई तू?"

ती मान खाली घालून म्हणाली, "आपा, मैं चोर नईं हूँ. मेरे हात रुकतेच नईं."

दुसऱ्या दिवशी खाऊच्या कपाटाला कुलूप लागले. लावले ते आम्हीच. इतकी वर्षे शाळेत मुलांना समजून घेण्याच्या गोष्टी सांगतो, बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर चांगल्या मार्कांनी सुटला होता. पण सख्ख्या बहिणीचे वाक्य आम्हाला समजले नाही. "हात थांबत नाहीत" असे ती सांगत होती आणि आम्ही तिला हात आवरायला शिकवत होतो. आज तिच्या परवानगीने हे लिहितो आहोत, कारण असे अंधारात खाणारे माणूस अनेक घरांत असते आणि तिथेही कोणीतरी कुलूप शोधत असते.

कुलपाने काय झाले? खाणे थांबले नाही, लपले. पुढच्या खेपेला तिच्या गादीखाली बिस्किटांचे रिकामे पुडे सापडले. इंदापूरलाही तेच चालले होते. सगळे झोपले की ती उठायची, आणि सकाळी "आजपासून काही खाणार नाही" अशी स्वतःलाच शपथ घालायची. एक वर्ष असेच गेले. शेवटी तिची साखर वाढलेली निघाली, म्हणून बारामतीच्या एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारले, "तुम्ही सकाळी काय खाता?"

हा साधा प्रश्न आमच्यापैकी कोणीही तिला विचारला नव्हता. उत्तर ऐकून आम्हीच गप्प झालो. सकाळी नुसता चहा. दुपारी सगळ्यांचे झाल्यावर अर्धी भाकरी, कधी तीही नाही. एका लग्नात कोणीतरी सर्वांसमोर "दुल्हन की भाभी तो दरवाजे में नहीं समाती" असे हसत म्हटले होते. तेव्हापासून तिने आपल्या मनानेच हे उपाशी राहणे धरले होते. दिवसभर उपास आणि रात्री खा-खा. आम्ही फक्त रात्र पाहिली होती.

हा हावरटपणा नाही

आपल्याकडे अशा माणसाला हावरट, अधाशी म्हणतात, "भस्म्या झालाय का?" असे विचारतात. वैद्यकशास्त्र त्याला आजार म्हणते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ साली अशा खाण्याचे वर्णन केले. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने निदानाच्या आपल्या ग्रंथात त्याला 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' या नावाने स्वतंत्र जागा दिली. आपण त्याला अनावर खाण्याचा आजार म्हणू.

लग्नात दोन घास जास्त जेवणे म्हणजे हा आजार नव्हे. त्याची खूण अशी की थोड्या वेळात खूप खाल्ले जाते आणि थांबणे आपल्या हातात राहिले नाही असे वाटते. भूक नसतानाही भराभर खाल्ले जाते, पोट दुखेपर्यंत. लाजेने एकट्यानेच, आणि नंतर स्वतःची किळस येते. हे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने होत राहिले, तर डॉक्टर आजाराचा विचार करतात. हा आजार बायकांना होतो तसा पुरुषांना आणि वाढत्या वयाच्या मुलामुलींनाही होतो. माणूस जाड असेलच असेही नाही. खाल्लेले मुद्दाम ओकून काढणे किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणे सुरू असेल, तर तो आणखी धोक्याचा प्रकार आहे. त्यात शरीरातील क्षार कमी होऊन हृदयावर परिणाम होऊ शकतो. तिथे वाट पाहू नये.

उपाशी राहिल्याने खाणे अनावर कसे होते, हे डॉक्टरांनी आम्हाला एका जुन्या प्रयोगावरून समजावले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सुमारे २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हे त्यांना शोधायचे होते. या तरुणांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. पण खरी नोंद घेण्यासारखी गोष्ट वेगळीच होती. ज्यांना कधी स्वयंपाकात रस नव्हता, ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले. दिवसरात्र डोक्यात अन्नच. पुन्हा भरपूर अन्न मिळाल्यावर त्यांतील काही जण पोट तुडुंब भरले तरी खातच राहत आणि तरीही भूक गेली नाही असे सांगत. ही निवडून घेतलेली धडधाकट माणसे होती. हावरट कोणीच नव्हते. उपासमारीने त्यांचे असे झाले.

आमची धाकटीही तशीच. तिला लगाम कमी पडत नव्हता. लगाम फार ओढल्यामुळेच घोडा उधळत होता. त्यात आमच्या टोमण्यांची भर. टोमण्याने लाज, लाजेने उपास, उपासाने भूक, भुकेने रात्रीचे खाणे आणि त्यातून पुन्हा लाज. या रहाटगाडग्याला आमचे कुलूप गती देत होते.

घरात काय बदलले

उपचार दोन बाजूंनी झाला. साखरेसाठी औषध, आणि मनासाठी समुपदेशन. बोलून, विचार तपासून सवय बदलण्याची ही पद्धत या आजारात चांगली लागू पडते. महिन्यातून एकदा ती इंदापूरहून एसटीने निमगाव केतकी, लासुर्णे, भवानीनगर करत बारामतीला यायची आणि आम्ही स्टँडवर थांबायचो. घरी मात्र या गोष्टी रोजच्या होत्या.

पहिली, वेळेवर खाणे. तीन जेवणे आणि मध्ये दोनदा थोडेसे, तीन-चार तासांपेक्षा जास्त खंड नाही. घड्याळ तिने नमाजचेच धरले. फजरनंतर नाश्ता, मध्ये एखादा पेरू, जोहरनंतर जेवण, असरला चहाबरोबर मूठभर फुटाणे, इशापूर्वी सर्वांबरोबर जेवण. आदल्या रात्री कितीही खाल्ले गेले असले, तरी सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. हे तिला सर्वांत अवघड गेले आणि सर्वांत उपयोगी पडले. गोळ्यांच्या आणि जेवणाच्या वेळा मात्र डॉक्टरांकडून जुळवून घेतल्या.

दुसरी, वही. काय खाल्ले, किती वाजता, कुठे बसून, तेव्हा मनात काय होते. आम्ही शिक्षक असल्याने वही तपासायचा मोह होतो. डॉक्टरांनी आधीच बजावले, "बाई, लाल पेन नको." वही तिची तिनेच वाचली. महिन्याभरात तिला दिसले की दुपारचे जेवण बुडाले की रात्र हमखास बिघडते, आणि घरात वाद झाला की त्या दिवशीही.

तिसरी, लाट येते तेव्हा करायच्या गोष्टी. खाण्याची ती ओढ लाटेसारखी चढते आणि थोड्या वेळाने उतरते. तेवढा वेळ काढण्यासाठी तिने पाच कामे लिहून ठेवली. गच्चीवर जाणे, भरतकाम, अंगावर पाणी घेणे, मुलांची पुस्तके लावणे, आपाला फोन. सुरुवातीला आमचा फोन रात्री साडेबाराला वाजायचा. खाण्याबद्दल आम्ही एक शब्दही काढायचो नाही. इंदापुरात पाऊस आहे का, एवढेच विचारायचो.

चौथी, कोणताच पदार्थ हराम केल्यासारखा बंद नाही. नानखटाई खायची असेल तर बशीत घेऊन, दिवसा, सर्वांत बसून. चोरून खाल्लेल्या दहांपेक्षा उघडपणे खाल्लेली एक बरी.

पाचवी गोष्ट घरच्यांची. तिच्या ताटाकडे पाहायचे नाही, वजनावर बोलायचे नाही. वजनाचा काटा आठवड्यातून एकदाच. आणि दुसरे टोकही सोडायचे. मेहमाननवाजीच्या नावाखाली "आणखी घे, माझी शपथ आहे" म्हणून ताट भरणे हीदेखील जबरदस्तीच. तिचे पती आमच्यापेक्षा लवकर सुधारले. त्यांनी दुकानातून जेवायला यायची वेळ ठरवली आणि ती दस्तरखानवर बसल्याशिवाय पहिला घास घेणे बंद केले. घरात सर्वांत शेवटी, उरलेले, एकटीने जेवायची तिची जुनी रीत तिथे मोडली.

रमजानचे काय?

हा प्रश्न आलाच. रोजा आणि स्वतःला शिक्षा म्हणून केलेली उपासमार यांच्या नियतमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण आजारी शरीराला तो फरक कळत नाही. उपचार नुकता सुरू होता, साखरेचे औषध चालू होते, म्हणून डॉक्टरांनी त्या वर्षी रोजे धरू नका असे सांगितले. ती रडली. "लोग क्या बोलेंगे?" तेव्हा मोहल्ल्यातील मौलानांनी तिला शांतपणे आठवण दिली की आजाऱ्याला सवलत माणसाने दिलेली नाही, पवित्र कुरआनातच आहे, बरे झाल्यावर ते दिवस पुरे करता येतात. पुढच्या वर्षी डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने काही रोजे धरले. सहरी कधी चुकवली नाही. इफ्तारला खजूर, पाणी आणि हलके काही घेऊन नमाज, मग जेवण. ज्यांना हा त्रास आहे, त्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांना आणि जाणत्या आलिमांना विचारावे.

पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, ही शिकवण आपण सर्वांनी ऐकली आहे. तिच्यावर टोमणे मारताना आम्हीही ती ऐकवत होतो. ती आपल्या स्वतःच्या पोटासाठी आहे. दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवायला नाही.

मदत कुठे मिळेल? बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करता येते. इंदापूरकरांनी आधी आपल्या उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना सांगावे. बाहेर पडणे अवघड असेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतून बोलता येते. मानसोपचार म्हणजे वेडाचा शिक्का नव्हे. साखरेच्या डॉक्टरकडे जाताना आपण तोंड लपवत नाही, इथेही लपवू नये.

धाकटी पूर्ण बरी झाली असे आम्ही लिहिणार नाही. गेल्या महिन्यातच एक रात्र वाईट गेली. फरक एवढाच की सकाळी तिने स्वतः फोन केला, "आपा, कल रात फिर हुआ. नाश्ता कर लिया है." ते दुसरे वाक्य ऐकून आम्हाला जो आनंद झाला, तो आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागल्यावरही झाला नव्हता. यंदाच्या बासी ईदला तिने आमच्या समोर बसून एक वाटी शीरखुर्मा खाल्ला, वाटी धुऊन ठेवली आणि मुलांना घेऊन नदीकडे फिरायला गेली. कपाटाला आता कुलूप नाही.

भगिनींनो, बंधूंनो, तुमच्याही घरात डबे लवकर रिकामे होत असतील, कोणी सर्वांसमोर फारच कमी जेवत असेल, तर चोर शोधू नका. जवळ बसा. आज सकाळी काय खाल्लेस, एवढेच मायेने विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.