हिरवी टिक आणि बिनतिकीट टॅग

ऑक्टोबर सरत आला की अंबरनाथ एमआयडीसीतल्या अकाउंट्सवाल्यांचे फोन सुरू होतात. वार्षिक सभेनंतर ३० दिवसांत आर्थिक पत्रकांचा एओसी-४ फॉर्म गेला पाहिजे, नाहीतर दिवसाला १०० रुपये जादा शुल्क. या आठवड्यातला फोन एका केमिकल कंपनीतून. भरणा झालेलं भागभांडवल ५ कोटींच्या वर, म्हणजे प्रत्येक आकड्याला टॅग लावायचं एक्सबीआरएल आलंच. विकत घेतलेल्या एडिटरमध्ये फाइल हिरवीगार. तीच फाइल कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या व्हॅलिडेशन टूलमध्ये टाकली, तर चुकांची यादी. ‘‘सर, सरकारी टूल बिघडलंय का?’’

नाही हो, ते वाचतंय! हिरव्या टिकवरची माझी कुरकुर तुम्हाला पाठ असेल, पण या वेळी पुरावा घरपोच आला.

फाइल एकच, पण तिच्यात एक्सबीआरएलचे मूळ टॅग, मंत्रालयाच्या टॅक्सॉनॉमीतली नावं, रुपयासाठी आयएसओचा कोड आणि ‘इमारती’, ‘यंत्रसामग्री’ अशी वर्गवारी सांगायला डायमेन्शनचे टॅग. ही वर्गवारी कॉन्टेक्स्टमधल्या सेगमेंट किंवा सिनॅरिओत बसते. आणि तिथे एक्सबीआरएलचा मूळ स्कीमा, म्हणजे टॅगांची नियमावली, म्हणते : परक्या नेमस्पेसचं, म्हणजे दुसऱ्या नावकुळाचं, काहीही येऊ द्या, तपास ‘लॅक्स’.

एक्सबीआरएल ज्यावर उभं आहे त्या एक्सएमएल स्कीमाने २००१ सालीच अशा पाहुण्या टॅगांसाठी तीन रीती सांगून ठेवल्यात. त्या बदलापूर स्टेशनच्या पुलावर उभ्या करून बघा. ‘स्ट्रिक्ट’ टीसी तिकीट नसलं की दंड लावतो. ‘स्किप’ टीसी चहा प्यायला गेलाय. ‘लॅक्स’ टीसी सगळ्यात इरसाल. ज्याच्या हातात तिकीट दिसेल त्याचं तो तारीख, वर्ग, मार्ग सगळं डोळ्यांत तेल घालून तपासतो. ज्याच्याकडे तिकीटच नाही त्याला ‘या साहेब’ म्हणून सोडतो. संध्याकाळी अहवाल : तपासलेल्यांत विनातिकीट प्रवासी शून्य.

त्या फाइलमध्ये नेमकं हेच झालं होतं. कोणीतरी हाताने दुरुस्ती करताना ‘एक्स्प्लिसिटमेंबर’ या टॅगच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘आय’ खाल्ला. त्या नावाचं डिक्लेरेशनच नाही, म्हणून ‘लॅक्स’ने तो सोडला. डायमेन्शनचा स्कीमा जोडला असता तरी सोडलाच असता. म्हणजे नाव बरोबर लिहिलं तर चौकशी, चुकवलं तर मोकळं रान! उल्हासनगरातल्या बांधकामांचे नियमही ‘लॅक्स’ लिहिणाऱ्यांनीच केले असावेत, असा माझा जुना संशय आहे.

यावर उतारा नाही असं नाही. प्रत्येक नेमस्पेसचा तुकडा वेगळा काढून त्याच्या-त्याच्या स्कीमाकडे पाठवणारं एनव्हीडीएल २००६ पासून आयएसओचं मानक आहे, ऑक्सिजनसारख्या एडिटरला ते समजतं. तिथे हा ‘आय’ लगेच पकडला गेला असता. अर्थात यंत्रसामग्रीची रक्कम इमारतींच्या खात्यात टाकली, तर स्पेलिंग कितीही शुद्ध असो, कोणताही स्कीमा हूं की चूं करणार नाही. ते काम बॅलन्सशीट समोर घेऊन बसणाऱ्या माणसाचं.

माझा राग ‘लॅक्स’वर नाहीच, परक्या टॅगला जागा ठेवायची तर थोडी ढिलाई लागते. राग त्या हिरव्या टिकवर आहे. किती टॅग न तपासता सोडले, एवढा एक आकडा तिच्याशेजारी छापायला काय जातं? पुढच्या वेळी विक्रेता डेमोला आला की त्याच्याच फाइलमधला हा ‘आय’ त्याच्यासमोर खोडा आणि व्हॅलिडेटचं बटण त्यालाच दाबू द्या. चेक त्यानंतर लिहा.