रक्तपर्याय : आधी टिकला पाहिजे

इंदूर-बैतूल मार्गावरील कन्नौदसारख्या गावी वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्यास प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचे भय समजावून सांगावे लागत नाही. तांबड्या पेशींची पिशवी २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवूनही ३५ ते ४२ दिवसच टिकते. त्यामुळे ‘कृत्रिम रक्ता’च्या वार्तेने आपल्या आशा पालवतात. मात्र अशा वेळी ‘ते प्राणवायू किती वाहते?’ याइतकाच ‘ते बाटलीत किती काळ टिकते?’ हा प्रश्नही आपण विचारला पाहिजे, असे माझे मत आहे.

फ्लुओरोकार्बन द्रवात प्राणवायू विपुल विरघळतो. परंतु हा द्रव पाण्यात मिसळत नाही. म्हणून सरफॅक्टंटच्या साहाय्याने त्याचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात विखरून इमल्शन करावे लागते. साठवणीत लहान थेंबांतील द्रव पाण्यावाटे मोठ्या थेंबांत जातो. लहान विरतात, मोठे वाढतात आणि औषध शिरेतून देण्यास अयोग्य होते.

येथे सरफॅक्टंटच्या रेणूची घडण महत्त्वाची ठरते. जपानी ‘फ्लुओसोल’मध्ये मुख्यतः प्लुरॉनिक एफ-६८ वापरले होते. त्याच्या रेणूला फ्लुओरोकार्बनची ओढ अल्प. ते इमल्शन गोठवून ठेवावे लागे व वापरापूर्वी वितळवावे लागे. अमेरिकेत १९८९ मध्ये अँजिओप्लास्टीसाठी मान्यता मिळूनही १९९४ मध्ये ते बाजारातून गेले. पुढच्या ‘ऑक्सिजेंट’मध्ये अंड्यातील लेसिथिन आले. त्याच्या दोन शेपट्यांचे आवरण अधिक भरीव असते. शिवाय निवडलेल्या फ्लुओरोकार्बनच्या टोकाशी असलेला ब्रोमिन त्या शेपट्यांशी सलगी करतो. ते साध्या फ्रीजमध्ये टिकू लागले. तरी २००१ मध्ये त्याची रुग्णांवरील चाचणी थांबली. अर्धा फ्लुओरिनयुक्त व अर्धा हायड्रोकार्बनयुक्त रेणू खुंटीसारखा मध्ये बसवून स्थैर्य आणखी वाढवता येते, हे संशोधकांनी दाखविले.

अर्थात टिकाऊपणा म्हणजे सर्वस्व नव्हे. नव्या रेणूचा शरीरातून निचरा कसा होतो, हेही पाहिलेच पाहिजे. शिवाय ही इमल्शने रुग्णाला श्वासावाटे भरपूर प्राणवायू दिला तरच उपयोगी पडतात. तथापि, जे औषध गोठविण्याच्या यंत्राविना जगत नाही, ते मोठ्या शहराबाहेर पोहोचणे दुरापास्त. वैशाखात माळव्याचा पारा चाळिशी ओलांडतो. स्थैर्याची परीक्षा त्या उन्हाळ्यातही व्हावी.

तोवर रक्ताला पर्याय रक्तच. प्रत्येक गावी रक्तगटांसह स्वेच्छा रक्तदात्यांची अद्ययावत यादी ठेवणे, हे आपल्या समाजाच्या हाती आजही आहे.