जंगलात पाहुण्यासारखे जावे

वर्गात कुणी दंगा केला की "जंगली आहेस का?" असे आपण सहज म्हणतो. मराठी घरात म्हणतात, उर्दू घरातही म्हणतात. खरे तर जंगलाच्या पायवाटेवर कचरा टाकणारा प्राणी एकच आहे आणि तो शहरात राहतो.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान घ्या. मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध शंभर चौरस किलोमीटरहून अधिक जंगल. त्यात बिबटे आहेत, कान्हेरीची लेणी आहेत, आणि मुंबईला पाणी देणारे विहार व तुळशी हे तलावही आहेत. ईदच्या सुट्टीत, पावसाळी रविवारी तिथे कुटुंबेच्या कुटुंबे येतात. यावेच. दोन खोल्यांत वाढणाऱ्या मुलांना मोकळी हवा कुठे मिळणार? तिकीट महाग केले की जंगल वाचेल, हे मला पटत नाही. ज्याने जंगल पाहिलेच नाही, तो उद्या त्याच्यासाठी बोलेल कशाला?

पण जाण्याची एक रीत असते. प्लास्टिकच्या ताटल्या, वेफर्सची पाकिटे, स्पीकरवरची गाणी, माकडांना भरवलेली बिस्किटे ही ती रीत नव्हे. बिस्किटाला सोकावलेले माकड पुढे लहान मुलाच्या हातातली पिशवी ओढते. उद्यानाच्या कडेला कचऱ्यावर भटकी कुत्री पोसली जातात, कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. मग आपण ओरडतो, बिबट्या वस्तीत शिरला!

हा दोष काही एका समाजाचा नाही. तरी मी आधी आपल्या घरातच बोलणार. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचा भाग आहे, हे आपली लहान मुलेही शिकतात. पायवाट हाही रस्ताच ना? मदिनेभोवतीचा परिसर प्रेषितांनी (स.) हरम ठरवला, तिथली झाडे तोडायला आणि शिकारीला मनाई केली. राखीव क्षेत्राची कल्पना आपल्याला परकी नाही.

सलीम अलीही परके नाहीत. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या या मुलाने लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले आणि देशाला पक्षीशास्त्रज्ञ मिळाला. केरळमधली सायलेंट व्हॅली धरणापासून वाचावी म्हणून त्यांनीही आवाज उठवला. १९८४ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली.

एका मुलाचा प्रश्न मोठ्यांनी मनावर घेतला, त्यातून हे घडले. म्हणून शिक्षक आणि पालकांना माझी विनंती आहे. शाळेची एक तरी सहल वॉटर पार्कऐवजी जंगलाच्या पायवाटेवर न्या. रीतसर परवानगी घ्या, वाटाड्या सोबत घ्या, मोबाइलचा आवाज बंद ठेवा. डबा घरचा असू द्या आणि रिकाम्या पिशव्या परत आणा. मुलांना दोन तास गप्प चालू द्या. प्रश्न ते स्वतःच विचारतील.