तालमीतली कळ आणि ‘पित्त उसळलंय’

लातूर-नांदेडकडच्या तालमीत कुणाच्या छातीत कळ आली की पहिले निदान ठरलेले असते, ‘पित्त उसळलंय.’ दुसरे, ‘काल जोर जास्त मारले, अंग धरलंय.’ मग लिंबूपाणी, थोडा दम खाणे आणि पुन्हा माती. कराटेच्या वर्गात, गतक्याच्या पथकात वा जिममध्ये वेगळे काही घडत नाही. बहुतेक वेळा ते पित्तच निघते. नसते तेव्हा मात्र गेलेल्या अर्ध्या तासाची किंमत हृदयाच्या स्नायूला मोजावी लागते.

बांगलादेशचा क्रिकेटपटू तमीम इक्बाल २४ मार्च २०२५ रोजी ढाक्याजवळ सावर येथे सामना खेळायला उतरला होता. वय ३६. छातीत दुखू लागले तेव्हा त्यालाही आधी पोटाचाच त्रास वाटला. पुढे तो कोसळला, सोबतच्या प्रशिक्षकाने छातीवर दाब देणे सुरू ठेवले, रुग्णालयात स्टेंट बसला आणि तो वाचला. कसलेले शरीर म्हणजे निरोगी रक्तवाहिन्या नव्हेत. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि घराण्यात लवकर आलेला हृदयविकार शड्डू ठोकल्याने मागे हटत नाहीत. ताकद येते म्हणून टोचली जाणारी मेफेंटरमाइनसारखी इंजेक्शने तर हृदयावर थेट घाव घालतात. ते औषध शस्त्रक्रियेत रक्तदाब घसरल्यावर देण्याचे आहे.

स्नायूचे दुखणे सहसा बोटाने दाबले की वाढते, हात फिरवला की जागा दाखवते. हृदयाचे दुखणे बोट ठेवून दाखवता येत नाही. माणूस अख्खा तळवा छातीवर ठेवतो. ओझे ठेवल्यासारखे दडपण, जबडा, पाठ किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, मळमळ, विश्रांती घेऊनही न बसणारी धाप. तालमीत घाम सगळ्यांनाच येतो. पण बसून राहिलेल्याला गार घाम फुटला तर वस्तादाने तिथेच सराव थांबवावा. जोर मारताना येणारी आणि बसले की थांबणारी कळ सर्वांत फसवी. थांबते म्हणून तिच्याकडे महिनोन्महिने कानाडोळा होतो. मधुमेह्यांना आणि अनेकदा स्त्रियांना छातीत दुखतही नाही, नुसती धाप लागते आणि गळाल्यासारखे होते.

पोरांचे संकट वेगळे. सराव करताना चक्कर येऊन पडलेला मुलगा ‘उपाशी होता’ म्हणून सोडून देऊ नये. जन्मजात हृदयदोषाची ती खूण असू शकते. नेमक्या क्षणी छातीवर बसलेली लाथ धडधाकट मुलाच्याही हृदयाची लय बिघडवू शकते. अशा वेळी हृदय रक्त ढकलणेच थांबवते. माणूस हलवूनही उठत नाही, मधूनच आचके देतो. त्या आचक्यांना लोक श्वास समजतात आणि नाकाशी कांदा फोडत बसतात. हवे असते ते एवढेच: छातीच्या मध्यावर दोन्ही तळव्यांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब. दाब न मिळालेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. हजार बैठका मारणाऱ्या पोरांना हे काम अवघड नाही. त्यांना कुणी शिकवलेले नाही, इतकेच.

शुद्धीवर असलेल्याला बसवावे, चालवू नये आणि १०८ ला फोन करावा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा कुठे रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावायला द्यावी. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र शेजाऱ्याच्या सल्ल्याने देऊ नये. रक्तदाब आधीच पडलेला असेल तर ती घात करते.

किनवट किंवा देगलूरहून नांदेडचे शासकीय रुग्णालय जवळ नाही, निलंग्याहून लातूरही नाही. म्हणून रात्री-अपरात्री ईसीजी कुठे निघतो, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन कुठे मिळते, गल्लीत रुग्णवाहिका शिरते का, शटरची किल्ली कुणाकडे असते, हे आधीच विचारून तालमीच्या भिंतीवर खडूने लिहिलेले असावे. लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत आणि माळेगावला कुस्त्यांचा फड भरतो, तिथे हलगीवाल्याची सोय आधी होते. रुग्णवाहिका आणि विजेचा झटका देणारे यंत्र आखाड्याशेजारी असण्याची अट परवानगीच्या कागदातच घालायला हवी. तालमीत दर शनिवारी मारुतीपुढे नारळ फुटतोच. प्रसाद वाटून झाला की पंधरा मिनिटे एखाद्या भरलेल्या पोत्यावर दाब देण्याचा सराव करता येईल.